साडेआठचा पाऊस

सकाळी 6

बुधवार हा आमच्या पर्यावरणशास्त्र विभागाचा सेमिनारचा वार. तो दुपारी तीनला असतो, पण माझा बुधवार पहाटेच्या चहाबरोबर सुरू होतो, कारण ज्या शोधनिबंधांवर दुपारी चर्चा व्हायची असते ते मी त्या दिवशी सकाळी पुन्हा वाचते. आधी वाचलेले असतात, खुणा केलेल्या असतात. तरी त्याच सकाळचं वाचन वेगळं असतं. समोर बसणारी मुलं डोळ्यांपुढे असतात आणि कुठे त्यांचा पाय अडकेल ते दिसतं.

आज तीन निबंध आहेत, तिन्ही पावसावरचे. पहिला 2006 सालचा, बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा, ‘सायन्स’मधला. 1951 ते 2000 या काळात मध्य भारतात दिवसाला शंभर मिलिमीटरच्या वरचा पाऊस पडण्याच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या, म्हणून हंगामाची बेरीज जागच्या जागी राहिली, असं त्यांनी दाखवलं. दुसरा 2012 सालचा, आयआयटी मुंबईच्या सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांचा. ते म्हणतात, देशभर एकसारखा वाढीचा कल दिसत नाही. वाढलेली आहे ती जागोजागची तफावत. तिसरा 2017 सालचा, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिपावसाच्या घटना तिपटीने वाढल्या, असा त्यांचा निष्कर्ष.

विद्यार्थी हे तीन निबंध एकापाठोपाठ वाचतात आणि विचारतात, यातलं बरोबर कोण? मला हा प्रश्न आवडतो, कारण तिथूनच खरं शिकणं सुरू होतं. एकाने सगळा मध्य भारत एकत्र मोजला, दुसऱ्याने देशाच्या नकाशावरचा एकेक चौकोन सुटा तपासला, तिसऱ्याने पाऊस किती पसरलाय हे पाहिलं. प्रत्येकाची ‘अतिपावसा’ची रेषाही वेगळी. तिघांनी आकाशाला वेगवेगळे प्रश्न विचारले आहेत. हवामानबदलावर रोज मोठमोठ्या बातम्या येतात; त्या बातमीतला आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हे विचारायची सवय मुलांना लागावी, एवढ्यासाठी मी हा सेमिनार जिवापाड जपते.

सकाळी 8.30

विभागाच्या मागच्या हिरवळीवर आमचा पर्जन्यमापक आहे. साधाच, हाताने वाचायचा. वर नरसाळं, आत पाणी साठवणारी बाटली, तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंचीवर. जागा निवडताना दोन दिवस घालवले होते, कारण झाड किंवा भिंत जितकी उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतर मापकापासून सोडावं लागतं, आणि आमच्या आवारात गुलमोहर फार.

आठवड्याची पाळी असते. आज पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे. बाटलीतलं पाणी तिने काचेच्या मापात ओतलं, माप कठड्यावर ठेवलं, गुडघे टेकून डोळे पाण्याच्या पातळीला आणले. पाण्याची कड काचेला चढलेली असते. आकडा वाचायचा तो मधल्या खोलगट भागावरून. “तेवीस पूर्णांक चार, मॅडम.” मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तेवीस पूर्णांक चार. मग तिने वहीत आजची तारीख घातली आणि थबकली.

“पण हा पाऊस तर कालचा ना? मी काल संध्याकाळी भिजत हॉस्टेलवर गेले.”

बरोबर. पण भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला लिहायचं. साऱ्या देशातल्या केंद्रांवर याच वेळी, याच पद्धतीने वाचन होतं. तिने मान डोलावली आणि सही केली. हा नियम पाठ व्हायला एक मिनिट पुरतं. तो अंगात मुरायला मात्र बराच काळ जातो, आणि न मुरल्यास काय होतं ते आज दुपारीच समोर यायचं होतं.

सकाळी 9.45

कार्यालय. सभागृहाची परवानगी, हजेरीपत्रक, ‘नॅक’च्या फाइलसाठी जिओटॅग केलेले फोटो कोण काढणार ते ठरवणं. पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ आम्ही बंद केलं, दीपप्रज्वलन आणि प्रास्ताविकही. त्यात वीस मिनिटं जातात आणि ती प्रश्नांच्या वेळेतून कापली जातात. फ्लेक्सही लावत नाही. विषय फळ्यावर खडूने लिहितो. विभागातले शिपाईमामा स्टीलचे पेले आणि पाण्याचा जार सभागृहात नेऊन ठेवतात, म्हणजे बाटल्यांचा प्रश्न येत नाही.

पाहुणे शक्यतो शहरातलेच बोलावते. पुण्यात ते सोपं आहे. पाषाणला आयआयटीएम ही हवामानशास्त्राची संस्था आहे, शिवाजीनगरला हवामान खात्याचं जुनं कार्यालय. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून त्या चौकाला आजही रिक्षावाले ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पावसाचं शास्त्र या गावात मुरलं ते मुरलंच. ज्या विषयाची माणसं दोन बसथांब्यांवर राहतात त्या विषयासाठी कुणाला विमानाने आणायचं मला पटत नाही. लांबचे वक्ते पडद्यावरून बोलतात आणि छान बोलतात.

सकाळी 11

शेजारच्या महाविद्यालयात पदवीच्या मुलांचा तास. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितला आणि पुढे तो सगळ्या शाखांना आला. वर्ग मोठा असतो, कला-वाणिज्य-विज्ञान एकत्र. बरीच मुलं व्याख्या पाठ करून उत्तीर्ण होण्यापुरतीच येतात, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. विषय त्यांच्यापुढे तसाच ठेवला गेला आहे. मी एवढंच करते की तासाच्या शेवटी बुधवारच्या सेमिनारचं आमंत्रण देते. आज बी.कॉम.चा एक मुलगा मागे थांबला. “वाणिज्यवाल्यांनी आलं तर चालतं का?” मी म्हटलं, “ये. पुढच्या रांगेत बस.”

दुपारी 12.30

आज मांडणी करणार आहे माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिचा विषय आहे सह्याद्रीतल्या दरडी आणि पाऊस. ती आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. लॅपटॉप उघडून माझ्यासमोर तक्ता धरला. एका रकान्यात हवामान खात्याची आकडेवारी, दुसऱ्यात नासाच्या उपग्रहांवरून काढलेला रोजचा पाऊस. गेल्या काही महिन्यांत तिने दोन्ही तारखेला तारीख लावून जुळवले होते आणि निष्कर्ष काढला होता की सह्याद्रीत उपग्रहाचा पाऊस भरवशाचा नाही. काल रात्री तिला काहीतरी खटकलं होतं.

“मॅडम, माळीणची ओळ बघा.”

माळीण. आंबेगाव तालुका, 30 जुलै 2014, सकाळी डोंगर गावावर आला आणि 151 माणसं गेली. एसटीचा चालक गाडी घेऊन आला तेव्हा त्याला गाव दिसेना, आणि त्याच्यामुळे बाहेरच्या जगाला कळलं. त्या डोंगराला सैल करणारा पाऊस 29 तारखेला आणि 29च्या रात्री पडलेला. आपल्या पद्धतीनुसार तो 30 तारखेला नोंदला जातो, कारण 30च्या सकाळी साडेआठला मापक वाचला गेला. उपग्रहाचा दिवस मात्र ग्रिनिचच्या मध्यरात्रीला बदलतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. त्याच्या हिशोबात तो पाऊस 29 तारखेचा. उपग्रहाच्या ‘30 जुलै’ या नोंदीत बहुतेक पाऊस दरड कोसळल्यानंतरचा! दोन्हीकडच्या 30 तारखा शेजारी ठेवल्या, तर माणसं गाडली गेल्यावर पडलेला पाऊस आपण त्यांच्या मृत्यूचं कारण म्हणून मोजतो.

आम्ही बाकीच्या ओळी काढल्या. इर्शाळवाडी: दरड 19 जुलै 2023च्या रात्री, जमिनीवरच्या मापकाची नोंद 20 जुलैला. आणि मुंबईचा तो दिवस, 26 जुलै 2005. सगळ्यांच्या तोंडी 26 जुलै आहे, पण सांताक्रूझचे 944 मिलिमीटर मोजले गेले ते 27च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत. नोंदवहीत 26 तारीख शोधणाऱ्याला तो पाऊस सापडणारच नाही.

ती म्हणाली, आजचं सादरीकरण रद्द करूया, सगळं नव्याने जुळवून पुढच्या महिन्यात मांडते. मी तिला बसवलं, डब्यातली थालीपीठं दोघींत वाटून घेतली आणि म्हटलं, “रद्द काही करायचं नाही. दोन्ही तक्ते दाखव. आधी असा जुळवला होता, मग असा सरकवला, आणि फरक इतका पडला. तुझ्या खालच्या वर्गातली मुलं पुढच्या वर्षी हेच काम करणार आहेत. त्यांना तुझा शुद्ध निष्कर्ष दाखवलास तर त्यांच्या हाती निष्कर्षच पडेल. हे दाखवलंस तर या चुकीतून ती वाचतील.”

तक्ता एक दिवसाने सरकवल्यावर दोन्ही रकाने बरेच जवळ आले. पूर्ण नाही. वारा घाटाला धडकून वर चढतो तिथला पाऊस उपग्रहाला कमीच दिसतो. ती उणीव खरी आहे आणि इतरांनीही नोंदवलेली आहे. म्हणजे तिचा अर्धा निष्कर्ष शाबूत राहिला, आणि आता तो पहिल्यापेक्षा भक्कम पायावर आहे. फेलोशिपचे पैसे महिनोन् महिने येत नाहीत तेव्हाही ही मुलगी रात्री जागून ओळीन् ओळ तपासत बसते. मला तिचा अभिमान वाटतो, आणि तो मी तिला बोलून दाखवला.

दुपारी 3

सभागृह भरलं. तिने पंचवीस मिनिटांत सगळं मांडलं. सकाळचे तिन्ही निबंध, मग स्वतःचे दोन तक्ते. “हा माझा जुना तक्ता, हा चुकीचा आहे,” असं ती म्हणाली तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. एवढं लक्ष मी चकचकीत स्लाइडना मिळालेलं पाहिलेलं नाही.

आजचे पाहुणे म्हणजे हवामान निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ. नोकरीभर त्यांनी सकाळी साडेआठचं वाचन घेतलं, सणावारीसुद्धा. मुलांनी त्यांना लगेच ‘काका’ करून टाकलं. त्यांनी स्लाइड आणल्या नव्हत्या. एका ठिकाणची गोष्ट सांगितली. मापक योग्य जागी बसवलेला, आजूबाजूला मोकळं. पुढे कुणीतरी जवळ आंब्याचं रोप लावलं. वर्षं गेली. “कागदावर पाऊस कमी कमी होत गेला,” काका म्हणाले, “प्रत्यक्षात आंबा वाढत होता.” मग त्यांनी विद्यार्थिनीकडे वळून विचारलं, “ताई, तुमच्या आकडेवारीत कुठल्या केंद्राजवळ काय वाढलंय, कुठलं केंद्र कधी हललं, ते लिहिलेलं असतं का?” तिने प्रामाणिकपणे सांगितलं की तिच्यापर्यंत पोचते ती चौकोनात भरलेली आकडेवारी, एकेक चौकोन साधारण पंचवीस किलोमीटरचा, आतल्या केंद्रांचा इतिहास त्यात दिसत नाही. “मग केंद्रं बघून या,” काका म्हणाले. “निदान तुमच्या दरडींच्या जवळची तरी.”

दुपारी 3.45

प्रश्नांची वेळ. ही मी कधीच कापू देत नाही. वक्ता लांबला तर त्याला थांबवते. पाहुणे कितीही मोठे असोत. आमचा नियम असा की पहिले तीन प्रश्न सर्वांत धाकट्यांचे, प्राध्यापकांनी तोवर बोलायचं नाही, आणि प्रश्न ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत विचारायचा. हा नियम करण्याआधी आमच्याकडे प्रश्न विचारायचे ते चार-पाच जण, आणि त्यांतले निम्मे प्रश्न म्हणजे छोटी भाषणं असायची.

पहिले दोन प्रश्न सरळ होते. तिसऱ्याला पुढच्या रांगेतला बी.कॉम.चा मुलगा उठला. तो भोरकडचा, घरी भातशेती.

“सर, मॅडम, आमच्याकडे महसूल मंडळात एका दिवसात 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मंडळाला यंत्र एक. ते रस्त्याकडच्या सपाट गावात आहे. आमचं गाव डोंगराच्या आत. यंत्राने एकसष्ट दाखवला आणि आमचे बांध वाहून गेले, तर आमच्याकडे अतिवृष्टी झालीच नाही का?”

सभागृहात क्षणभर कुणी बोललं नाही. सकाळपासून मी ज्या तीन शोधनिबंधांत होते त्यांचा सगळा वाद या प्रश्नात होता: मोजमापाचं क्षेत्र केवढं, रेषा कुठे आखली, आणि जागोजागची तफावत किती. फरक इतकाच की इथे त्याच्या उत्तरावर घरचा भात अवलंबून होता.

विद्यार्थिनीने फळ्यावर खडूने घाटाचा छेद काढला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथून पूर्वेला पाचगणी, तिथे सुमारे तिसरा हिस्सा. खाली वाई, तिथे आठशेच्याही आत. महाबळेश्वर ते वाई अंतर एसटीने तासाभराचं. म्हणजे तिच्या पंचवीस किलोमीटरच्या एका चौकोनात ओलं जंगल आणि अवर्षणाकडे झुकणारी शेती दोन्ही मावतात. मग तिने मुंबईचं उदाहरण दिलं. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडले त्याच चोवीस तासांत कुलाब्याला 73. एकच शहर. कुलाब्याचंच यंत्र असतं तर सरकारी कागदावर त्या दिवशी मुंबईत नेहमीचा जोराचा पाऊस, इतकंच राहिलं असतं.

“म्हणजे यंत्र खोटं बोलत नाही,” तो मुलगा म्हणाला, “ते स्वतःपुरतं बोलतं.”

मी तिथे एक गोष्ट सांगितली, कारण ती सांगायला हीच जागा होती. मॉन्सूनच्या अभ्यासातलं मोठं नाव असलेल्या सुलोचना गाडगीळ मूळच्या पुण्याच्या. त्यांनी कर्नाटकात पावगड भागातल्या कोरडवाहू भुईमूग शेतकऱ्यांबरोबर पेरणीच्या काळाचा अभ्यास केला. शेतकऱ्याला हंगामाची बेरीज नको असते. कुठल्या आठवड्यात पेरलं तर दाणे भरताना पाऊस मिळेल, हे हवं असतं. विद्यापीठात बसून असा प्रश्न सुचत नाही, तो बांधावरून यावा लागतो. आज तो बी.कॉम.च्या बाकावरून आला.

काकांनी मात्र सगळ्यांना जमिनीवर ठेवलं. गावात कुणी स्वतःचा मापक बसवला म्हणून भरपाई मिळत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. भरपाई पंचनाम्यावर, पिकाच्या 33 टक्के नुकसानाच्या निकषावर आणि अधिकृत नोंदीवर ठरते. “पण तीन-चार पावसाळे नीट, न चुकता मोजलं आणि फरक दरवर्षी दिसला, तर यंत्राची जागा बदला किंवा दुसरं द्या, असं म्हणायला तुमच्या हातात कागद येतो. न चुकता, हे महत्त्वाचं. पाऊस नाही त्या दिवशीसुद्धा शून्य लिहायचं. रिकामी जागा आणि शून्य यांत फार फरक आहे, पोरांनो. रिकाम्या जागेत पुढे कुणीतरी अंदाज भरतो.”

भूगोलाच्या एका सरांनी विचारलं, हे सगळं विद्यापीठाचं काम आहे का? प्रश्न योग्य होता आणि त्यावर चांगली खडाजंगी झाली. माझं मत मी तिथेच मांडलं: शाश्वत विकासावर आपण दरवर्षी परिषदा घेतो, ठराव करतो, ग्रंथ काढतो. ज्या आकड्यांवर ते ठराव उभे आहेत ते मोजण्यात आणि तपासण्यात आपला वाटा नसेल, तर बोलण्याचा अधिकारही थोडाच उरतो. भूगोलाचे सर पूर्ण सहमत झाले नाहीत. वेळ, निधी आणि श्रेयांक कुठून आणणार, हे त्यांचं म्हणणं मलाही खोडून काढता आलं नाही, कारण ते खरं आहे.

सायंकाळी 5

चहा. सेमिनारचा उत्तरार्ध नेहमी इथेच होतो. काकांभोवती मुलांचा घोळका. तो भोरचा मुलगा आणि माझी विद्यार्थिनी जिन्यात बसून मोबाइलवर नकाशा मोठा करून बघत होते; त्याच्या गावची शाळा, मागचा उतार, ओढा. शाळेत मापक बसवायचा म्हटलं तर वाचणार कोण, सुट्टीत काय करायचं, याची चर्चा. त्याची धाकटी बहीण त्याच शाळेत आठवीत आहे म्हणे.

सायंकाळी 6.15

खोलीत परतून प्रश्नवही भरली. सेमिनारात विचारलेला प्रत्येक प्रश्न मी या वहीत उतरवते, विचारणाऱ्याच्या शब्दांत, आणि पुढे त्याचं काय झालं तेही. अहवालात ही वही कुठेच जात नाही. पण एम.एस्सी.च्या प्रकल्पांचे विषय द्यायची वेळ येते तेव्हा मी हीच उघडते. आज त्यात दोन कामं लिहिली. दरडींच्या दहा किलोमीटर परिसरातल्या सगळ्या केंद्रांना भेट देऊन जागा, झाडं, बदलाच्या तारखा नोंदवणं. आणि सपाटीवरचं यंत्र व डोंगरातला मापक, एका मंडळात, शेजारी शेजारी, निदान तीन पावसाळे. दुसऱ्या कामाला पैसे फारसे लागत नाहीत. लागते ती माणसाची सातत्याची हजेरी, आणि ती मिळवणं अधिक अवघड.

रात्री 9.30

विद्यार्थिनीचा फोन. तिने सगळ्या तारखा सरकवून गणित पुन्हा चालवलं होतं. काही ओळी अजून जुळत नव्हत्या आणि तिला वाटत होतं की दरडींच्या तारखाच वर्तमानपत्रांतून घेतल्यात, तिथे छापल्याची तारीख आणि घटनेची तारीख यांची गल्लत असेल. मी तिला तहसील कार्यालयातली पंचनाम्याची तारीख मिळवायला सांगितलं, आणि ती मिळेपर्यंत त्या ओळी वेगळ्या रंगात ठेवायला. मग तिने विचारलं, भोरच्या शाळेतला मापक कधी बसवायचा? आता पावसाळा अर्धा सरलाय, पुढच्या जूनपर्यंत थांबूया का?

मी म्हटलं, थांबायचं नाही. रविवारी जाऊ. जागा बघू, मुख्याध्यापकांशी बोलू, त्या आठवीतल्या मुलीला माप वाचायला शिकवू. पावसाळा अर्धा गेला असला तरी परतीचा पाऊस अजून यायचाय.

“आणि वह्या दोन ने,” मी सांगितलं. “एक शाळेत राहील, एक तिच्या घरी.”